मॅग्नेशियमची चाकं

२ सप्टेंबर
मालकांच्या चार सीटच्या विमानाला नवी चाकं घ्यायचीत. विमानाची देखभाल माझ्याकडे, म्हणून मी ॲल्युमिनियम सुचवलं. थोडं जड, पण टिकेल. मालकांना मॅग्नेशियमच हवं. "वज़न बचेगा मॅडम, एक सूटकेस और आएगी." मॅग्नेशियमला ओल सोसत नाही, पुन्हा पुन्हा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. विमान उडवणार निखिल, माझा धाकटा भाऊ. तो म्हणे, "ताई, हलकी तर हलकी, बरंच की यार!"

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
हँगरमध्ये हत्यारांची पूजा. निखिलने हौसेने नव्या चाकावरच नारळ फोडला. मी पोचेपर्यंत सगळे टाळ्या वाजवत होते. रंगाचा टवका उडालाय, नारळाचं पाणी आत गेलेलं. वरवर पुसलं. चाक सोडवून धुऊ म्हटलं, तर मालक, "शुभ काम में टोका-टाकी मत करो. शाम को उड़ना है." आणि उडाले.

१८ नोव्हें.
टायर बदलायला चाक उघडलं. बोल्टच्या भोकाजवळ रंग फुगलेला. खरवडलं तर गंजाची पांढरी पूड, खाली खड्डा. नखाला लागतो. निखिलला दाखवलं. आधी हसला.
"माझ्या नारळाने?"
हो म्हटलं. खोटं कशाला बोलू.

१९ नोव्हें.
मालक : "घिस के पेंट मार दो. शादियों का सीज़न है." चाक उडण्यालायक आहे अशी सही मी करणार नाही म्हटलं. म्हणाले, सही करणारे बहुत मिलेंगे. मिळतीलच. घरी येऊन भांडी आदळली, बाबांवर उगाच ओरडले.

२१ नोव्हें.
मिळाला कुणीतरी. चाक चढलं, चकचकीत. निखिल आर. के. पुरमला, आमच्या क्वार्टरवर जेवायला आला. बाबा आत गेल्यावर म्हणाला, "नाही म्हटलं तर नोकरी जाईल ताई. मग कोण घेणार मला?"
"आणि उतरताना चाक फुटलं तर?"
भात चिवडत बसला. मला भयंकर भीती वाटतेय. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. सांगावं तर त्यांचं बीपी...

२२ नोव्हें.
उद्या सकाळी दिल्ली-जयपूर, मालकांचे पाहुणे घेऊन. तू जाणारेस का, निखिलला मेसेज केला. वाचलाय, उत्तर नाही. फोन उचलत नाही. मात्र बाबांना फोन केला, उद्या दुपारी जेवायला येतो म्हणून. जयपूरहून दुपारपर्यंत परत येता येतं. न जाताही येता येतं. बाबा खुशीत, त्याच्यासाठी मटार सोलत बसलेत.