‘मागे’ म्हणायचं नाही

९ मार्च, दुपार

प्रिय ताई,

तुझी पाठ आता कशी आहे? भाचीला सांग, मामा बरा आहे. बाबांना मात्र यातलं काही सांगू नकोस.

माझं सगळं बदललं ते आमच्या फुटबॉल क्लबने ‘मागे’ हा शब्द बंद केला त्या सोमवारी. तुला माहीत आहे, मी मैदानाच्या कडेला उभा राहून बचावपटूंना ओरडून सांगायचो. पाठीवर कोणी धावून आलं की ‘मागे!’, एवढंच. नव्या साहेबांनी पडद्यावर दाखवलं, की ‘मागे’ म्हणजे पिछेहाट, शब्द नकारात्मक आहे. त्याऐवजी म्हणायचं, ‘रिअर प्रेशर अ‍ॅक्टिव्ह’. आमचे मोठे कोच म्हणाले, "एवढं बोलेपर्यंत चेंडू गावाला जाऊन येईल." त्यांना लगेच ‘सल्लागार’ केलं, म्हणजे घरी बसवलं.

मीही भांडणार होतो. पण पडद्याशी ती उभी होती. तीच, जिच्यावरून तू मला फोनवर चिडवतेस. ते शब्द तिनेच बसवले होते. शिवाय सरांशी भांडून कॉलेज अर्धवट सोडून आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, आता तरी तोंडाला कुलूप लाव. लावलं बघ.

परवाच्या सामन्यात ती माझ्या मागच्याच रांगेत बसली होती. आमच्या उंच बचावपटूला सगळे ‘भिंत’ म्हणतात. त्याच्या पाठीमागून समोरच्या संघातला एक जण सुसाट आला. ‘मागे’ अगदी ओठांवर आलं होतं, ताई. मी गिळलं. तिला ऐकू जाईल असं, स्वच्छ उच्चारात, ते अख्खं वाक्य म्हणालो. भिंत ‘काय?’ म्हणत माझ्याकडे वळला, तोच तो येऊन आदळला. गुडघ्याचा आवाज कडेपर्यंत आला.

दवाखान्यात मला म्हणाला, "काय बोलत होतास रे? तोंडी परीक्षा होती का तुझी?" आणि हसला. डॉक्टर म्हणतात, तो चालू शकेल. पुन्हा खेळणार नाही.

आज बैठक झाली. वाटलं, हाकलतील. तिने पडद्यावर माझं नाव आणलं: ठरलेली भाषा वापरण्यात शंभर टक्के. टाळ्या पडल्या. भिंतीचं नाव ‘संसाधन-बदल’ या मथळ्याखाली होतं, म्हणजे त्याच्या जागी दुसरा. निघताना ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसली. "छान जुळवून घेतलंस हं," म्हणाली. त्या हसण्यासाठी मी वर्षभर जीव टाकत होतो.

मी काही फेकलं नाही, कोणाला बोललोही नाही. रागच येईना.

कपडे बदलायच्या खोलीत बसून लिहितोय. शिट्टी खुंटीला अडकवली, भिंतीच्या बुटांच्या वर. कुठे जाणार ते मलाच ठाऊक नाही. दवाखान्यात जायला तोंड नाही, घरी यायलाही नाही. हे दार ओढलं की आपोआप कुलूप लागतं, आणि चावी मी आतच ठेवली आहे. उठतो. बाहेर पडून दार ओढून घेतो.

तुझा,
गप्प बसायला शिकलेला भाऊ