विरजणाची अट

धुळे
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्ना,

सप्रेम नमस्कार. तुझं रजिस्टर पत्र नरडाण्याला कारखान्यात पोचलं. "महोदय, आपल्या पंप-कंट्रोलर बॉक्समधील प्रोग्रामचा सोर्स कोड लायसन्सनुसार मिळावा." महोदय! अगं, कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसून माझ्या डब्यातले खाकरे संपवलेस, आणि मी महोदय?

खाली सही मात्र तुझीच. त्या 'र'ची शेपटी अजून तशीच लांब. किती वेळ बघत बसले, सांगत नाही.

इकडे सगळं ठीक. पप्पांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. रोनकदादा विक्री बघतो. पॅकिंगला अजून भिकुबाईच आहे.

तुला हवा तो कोड सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे, आम्ही केलेल्या बदलांसकट. कंपनीचं पत्र खरं तर इथंच संपतं.

पण ताकाला जाऊन भांडं किती लपवू?

तू लिहिलेला हा प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केलास तेव्हा मी हसले होते. "फुकट देतेस आणि वर अटी?" तू म्हणालीस, "विरजण कुणी विकतं का? पण नेणारीनं उद्या दुसरीला नाही म्हणायचं नाही. आणि कुणाकडून आणलं विचारलं तर सांगायचं." एवढंच तुझं लायसन्स. मी दोन्ही अटी मोडल्या. बॉक्स विकले, पण कोड मागता येतो ही चिठ्ठी आत टाकली नाही. आणि स्क्रीनवरचं 'रत्ना, असोदा' पुसलं.

दादानं सांगितलं म्हणून पुसलं, असं मी स्वतःलाही सांगत आले. खोटं आहे. त्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पप्पांनी डीलर लोकांसमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "हे माझ्या मुलीनं बनवलं." आयुष्यात पहिल्यांदा. "एकटीनं नाही, पप्पा," एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. दुसऱ्या दिवशी मी माझ्याच हातानं तुझं नाव काढलं, प्रत्येक फाइलमधून.

मग धुळ्याच्या कृषी प्रदर्शनात तू आलीस. बटण दाबलंस, स्क्रीन बघितलीस, मग माझ्याकडे बघितलंस. "छान झालंय," म्हणालीस आणि गेलीस. भांडली असतीस तर बरं झालं असतं गं!

एक गोष्ट मात्र माझ्यानं काढवली नाही. लाईट आल्यावर व्होल्टेज स्थिर व्हायला सात मिनिटं थांबूनच पंप सुरू होतो, ते तुझ्या नानांचं गणित. लोक विचारतात, सातच का? मी म्हणते, टेक्निकल आहे. आणि तुमचा असोद्याचा ओटा आठवतो. नाना घड्याळ धरून बसलेले, तू वहीत लिहितेयस, मी शेंगा खातेय. तिथं पुन्हा येऊन बसावंसं वाटतं. फार वाटतं.

तुझं पत्र मी पप्पांना वाचून दाखवलं, सगळं सांगितलं. दोन दिवसांनी जेवताना त्यांनीच विषय काढला. मग म्हणाले, "आपल्या बिनकांद्याच्या शेवभाजीला नाक मुरडायची तीच ना? लाव तिचं नाव." नव्या बॉक्सवर ते आता दिसतं. विकलेल्यांमध्येही बदलून देतोय. आणि प्रत्येक खोक्यात चिठ्ठी, मागेल त्याला कोड मिळेल म्हणून. भिकुबाई कुरकुरते, "बठ्ठा खोकासमा टाकानी शे का, ताई?" बठ्ठा, म्हटलं, एकूणएक.

संवत्सरीला आमच्यात वर्षभराच्या चुकांची क्षमा मागतात, तुला माहीतच आहे. तीन वर्षं मी तुलाही मेसेज पाठवला. फुलांचं चित्र, खाली 'मिच्छामि दुक्कडम्', अडीचशे जणांना एकदमच. तुझं उत्तर आलं नाही की मलाच राग यायचा! कशाची क्षमा, ते मी लिहिलं कुठं होतं?

तर यंदा पुन्हा, उशिरानं. तुझं नाव मी पुसलं, रत्ना. स्वतःच्या मोठेपणासाठी पुसलं.

मिच्छामि दुक्कडम्. हे तुला एकटीलाच लिहिलंय.

तुझी
चेलना