तिसरी खुर्ची

खामगाव, रविवार, १२ जानेवारी

पंख, चार इंजिनं, उघडमीट होणारा मागचा दरवाजा, कॉकपिटमधल्या तीन खुर्च्या. हवाई दलातल्या आमच्या मालवाहू विमानाचं हे मॉडेल सागाच्या तुकड्यांतून मी एकट्यानं केलं, कुणाकडे न शिकता.

आज कोचिंग क्लासचे सर ते विकत घ्यायला आले. "काका, आता विमानात दोघे पायलटच असतात. ती मागची तिसरी खुर्ची काढून द्या, पोरं गोंधळतात."

म्हटलं, "तिथं मी बसायचो. फ्लाइट इंजिनियर."

सर हसले. काढू? छे! आमच्याकडे इंजिनियरनं "चारही ठीक" म्हटल्याशिवाय विमान हलत नसे. लेहला एकदा एका इंजिनाचं तेल कमी दिसलं, मी "चारही ठीक" म्हटलं नाही. मागून कर्नलसाहेब ओरडत होते, तरी कॅप्टननं चाक हलवलं नाही. ती खुर्ची होती ही!

सर गेल्यावर बायको म्हणाली, "एवढ्याशा खुर्चीपायी काऊन वापस पाठवलं जी त्याइले? अजून तिथंच बसून हाय काय तुम्ही?"

"हाव," म्हटलं.

खुर्ची काढून दिली असती तर सर पंचवीस हजार रोख देत होते. मी नाही म्हणालो.