खिशातला रोटर

४ जाने. ८७, रवि.
सहाला उठलो. सौ. झोपलेली. डुक्कर थंडीने आखडलेलं. चौपन्न सालची गाडी, हिच्या ढबीवरून सगळी मुंबई हिला डुक्कर म्हणते. म्हणू दे. चोक ओढला, हँडल मारलं, तिसऱ्या फेरीला धरलं.
मुलुंडहून आग्रा रोडने भांडुप, कांजूर, मग उजवीकडे वळून पवई. रस्ता मोकळा. चढावर सेकंडला टाकली की ती जी कण्हते, आणि माथ्यावर थर्ड पडला की एकदम हलकी होते, तेवढ्यासाठी मी आठवडाभर टूलरूममध्ये लोकांची तोंडं बघतो. काच खाली, तळ्यावरचा वारा. कुणाला आणायचं नाही, कुठे पोचायचं नाही. एकटाच मोठ्याने गात होतो, बेसूर.
येताना भांडुपला एक पाववाला सायकलवरून डावीकडून अंगावरच आला. कुठून उगवला देव जाणे. आरसा त्याच्या गोणीला लागला. आवशीक खाव त्याच्या! मी शिव्या घातल्या, त्यानेही घातल्या.
घरी ठरलेलं. "कुठे जाऊन आलात?" "कुठे नाही. असाच." "पेट्रोल जाळून असंच?" गाडी घेतल्यापासून अकरा वर्षं हेच. हिला कळायचं नाही.

९ जाने., शुक्र.
सावंत (तळमजला, आमच्याच कंपनीतला) तोंड फुगवून. "अरे, काल जिन्यात हात केला, तू बघितलंच नाहीस. शिष्ट झालास काय रे?" डाव्या बाजूला उभा होता म्हणे. मला दिसलाच नाही. त्याला सांगितलं, विचारात होतो.
टेबलाचा कोपरा मांडीला लागून काळंनिळं. या महिन्यात तिसऱ्यांदा.

२२ जाने., गुरु.
अर्धी रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरकडे. सौ.ला नाही सांगितलं.
पांढऱ्या घमेल्यात तोंड घालून बसवलं. समोर बघायचं आणि कडेला ठिपका चमकला की टकटक करायची. बराच वेळ ठिपकाच येईना. मी म्हटलं, मशीन बंद पडलंय वाटतं. मशीन चालू होतं.
काचबिंदू. दोन्ही डोळे. समोरचं शाबूत, कडा गेल्या. गेलेलं परत येत नाही, आहे ते थेंबांनी टिकवायचं.
"गाडी चालवता?" "कधीमधी." "बंद करा. आजपासून."
पोरगा माझ्या मुलीच्या वयाचा. आजपासून म्हणे. जणू पान खायचं बंद करायला सांगतोय.
घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर वाढला.

१ फेब्रु., रवि.
नेली गाडी. हो, नेली. घुबडासारखी मान फिरवत भांडुपपर्यंत गेलो न् परत आलो. गाणंबिणं काही नाही. सगळा जीव डाव्या काचेवर.
आपल्याच गेटात शिरताना खांबाला घासली. खांबापलीकडे, गाडीपासून वीतभर अंतरावर सावंत वहिनी. भिंतीला पाठ लावून उभी, दुधाची पिशवी फुटून पायावर दूध. "भावजी, दिसत नाही का हो तुम्हाला?"
सॉरी म्हणालो. दूध आणून दिलं तिच्या दारात नेऊन.

३ फेब्रु., मंगळ.
वाट लागली. शर्टाच्या खिशात थेंबांची बाटली सापडली सौ.ला. मास्तरीण ती. बाटली घेऊन सरळ केमिस्टकडे गेली, कशाची आहे ते विचारून आली, मग मला विचारलं. म्हणजे उत्तर आधी तपासून प्रश्न.
"वहिनी मेली असती तर?"
"मेली नाही ना?" हे मी बोललो. माझ्या तोंडून गेलं ते.
तिने हात पुढे केला. "किल्ली द्या."
दिली.
दुसरी किल्ली हत्यारांच्या पेटीत आहे. ती तिने मागितली नाही, मीही सांगितली नाही.

८ मार्च, रवि.
पाच रविवार गाडी झाकून. मी धुतो, पुसतो, जागच्या जागी पाच मिनिटं चालू ठेवतो बॅटरीसाठी. किल्ली सौ. हातात देते आणि गॅलरीत उभी राहते. कैद्याला हवा खायला सोडल्यासारखं.
दर शनिवारी ही शाळेतून उशिरा येते, त्याचा आज उलगडा झाला. फिलोमिना म्हणून तिच्या शाळेतली बाई आहे, भांडुप गावठाणातली. बापाचा भाजीचा टेम्पो ती स्वतः चालवते. तिच्याबरोबर कुठल्याशा मैदानात जाते ही.
"मी शिकतेय."
"काय?"
"गाडी."
हसलो मी. बराच वेळ हसलो. "अगं, सत्तेचाळिसाव्या वर्षी?"
"का? सत्तेचाळिशीत हातपाय गळून पडतात?"
ती हसली नव्हती. मग मलाही हसू आवरतं घ्यावं लागलं.

१२ एप्रिल, रवि.
लायसन आलं हिचं, त्यावर नाव सुनंदा. पहिल्या खेपेला. मला तीनदा जावं लागलं होतं, ते हिला ठाऊक आहे. बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं.
सकाळी मला शेजारी बसवून निघाली. मी काय तोंड बंद ठेवणार? क्लच सोड! अगं सोड! गिअर किसतेस काय, नारळ आहे का तो? डावीकडे बघ! (डावीकडे बघ हे मी सांगतोय.) पवईच्या चढाला मला वाटलं मागे येते, म्हणून हँडब्रेक ओढला. गाडी आचका देऊन बंद. मागे ट्रकवाला बोंबलतोय.
हिने शांतपणे बाजूला घेतली. "उतरा."
"काय?"
"मागे बसा."
बसलो. काय करणार? मागच्या सीटची स्प्रिंग बाहेर आलीय, बरोबर मांडीखाली टोचते. अकरा वर्षांत मी तिथे कधी बसलो नव्हतो. पुढे शेजारी माझी हत्यारांची पेटी असायची, सौ. आणि मुलगी मागे. मुलगी लग्न होऊन नाशकाला गेली. दोघींपैकी कुणी कधी बोललं नाही स्प्रिंगचं.
आणखी एक. चढावर हिने सेकंड माझ्यापेक्षा आधी टाकला. गाडी कण्हली नाही. अजिबात नाही.

२६ एप्रिल, रवि.
एकटी गेली. सहाला. मी झोपल्याचं सोंग केलं. हँडल मी तीनदा मारायचो, हिने एकदाच मारलं. बहुतेक हवा गरम म्हणून.
मग गॅलरीत. आठ वाजले. सव्वाआठ. नऊ. काय काय येऊन गेलं मनात. अपघात झाला असेल इथपासून, झाला तर बरं, अद्दल घडेल, इथपर्यंत. लिहितोय खरं, वाचणार कोण.
साडेनवाला आली. केस सुटलेले, गाल लाल, पायात चप्पल नाही, ती हातात. अनवाणी चालवली म्हणे, पेडल नीट कळतं. सत्तावीस वर्षं संसार केला मी या बाईबरोबर, हिला असं कधी बघितलं नाही. लग्नातही नाही.
"कुठे गेली होतीस?"
"कुठे नाही. अशीच."
चहा घटाघटा पिऊन टाकला, तोंड भाजलं.

१० मे, रवि.
केलं ते लिहून ठेवतो.
इंजिनवर डिस्ट्रिब्यूटरचं झाकण असतं, त्याच्याखाली अंगठ्याएवढा काळा तुकडा, रोटर. तो काढला की गाडी जन्मात सुरू होत नाही. पूर्वी गावाला जाताना मी काढून ठेवायचो, चोरांसाठी. काल संध्याकाळी ही भाजीला गेली तेव्हा दुसऱ्या किल्लीने गाडी उघडली आणि काढला.
आज सकाळी ही हँडल मारतेय. मारतेय. पदर खोचून, घामाने ब्लाउज ओला. सावंत आला, वरचे दोघे आले, ढकलली पार गेटापर्यंत. "वहिनी, सेकंडला टाका!" सगळी बिल्डिंग गॅलरीत. मीही गॅलरीत. रोटर पायजम्याच्या खिशात, मुठीत.
आधी गंमत वाटली. खरंच वाटली. मग तिने वर बघितलं माझ्याकडे, मदतीसाठी बघितलं, हे मला समोर असल्याने स्वच्छ दिसलं. "अहो, काय झालं असेल हिला?"
"जुनी गाडी," मी म्हणालो. "व्हायचंच."

११ मे, सोम.
नाक्यावरचा मेकॅनिक येऊन गेला. मी जिन्यात होतो, ऐकू आलं. "बाई, रोटरच नाय यात. हा काय आपोआप पडत नाय. कोणीतरी घरच्याच माणसाने काढलाय, दरवाजा शाबूत आहे ना."
सौ. वर आली. पान वाढलं. भात, सोलकढी, बांगडा. माझा बांगडा मोठा.
विचारलं असतं तर दिला असता. बहुतेक.

१७ मे, रवि.
घाटकोपरला जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानातून हिने नवा रोटर आणलाय. स्वतः बसवला. सकाळी फिरून आली, बॉनेट उघडलं, काढला, पुसला, पर्समध्ये टाकला. पर्स घेऊन स्वयंपाकघरात.
माझीच युक्ती, माझ्यावरच. या घरात चोर कोण ते आता ठरलेलं आहे. माझ्याकडे जुना रोटर आहे, कपाटात मोज्यांखाली. त्याचं काय करायचं कळत नाही. टाकवतही नाही.

२९ मे, शुक्र.
गाडी विकतोय. ठरलं. पाटकर म्हणून जुन्या गाड्यांचा दलाल आहे, बघून गेला, खूश. गाडी माझ्या नावावर, कागद माझ्या कपाटात. ट्रान्सफरचा फॉर्म देऊन गेलाय, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून. रविवारी पाचला येणार.
सौ.ला सांगितलं, थेंबांचा खर्च, गाडीचा खर्च, झेपत नाही. ती भांडी पुसत होती. पुसत राहिली.
सावंत मात्र उखडला. "अरे, वेडबिड लागलं काय तुला? वहिनी झकास चालवते. परवा माझ्या आईला धाप लागली तर तिनेच नेलं ना दवाखान्यात!"
"गाडी माझी आहे."
"आणि वहिनी कोणाची रे?"
चालता झालो तिथून. चालता झालो म्हणजे भिंत धरून जिना चढलो. खालच्या पायऱ्या दिसत नाहीत हल्ली.

३१ मे, रवि.
सकाळी सहाला सुनंदाने हाक मारली. "चला. आज पुढे बसा." हत्यारांची पेटी तिने आधीच मागे ठेवली होती.
"आणि एक करा. गप्प बसा."
बसलो गप्प. भांडुप गेलं, कांजूर गेलं. डोळे मिटून घेतले, नाहीतरी काय मोठं दिसतं. गाडी कानाने बघितली. कुठे चुकते शोधत होतो. चुकली नाही. तळ्यापाशी रस्ता मोकळा लागला तशी तिने जोरात सोडली आणि हसली. कशाला हसली, काही घडलं नव्हतं. नुसतीच. मला ठाऊक आहे ते हसू, ते माझं होतं.
जळतो मी तिच्यावर. डोळ्यांचं दुःख आहेच, पण हे वेगळं. माझं जे गेलं ते तिला मिळालं, आणि ते माझ्याच नशिबातून खरवडून मिळालं असं वाटतं. उद्या मी ठार आंधळा झालो तर हीच हात धरून नेणार आहे मला, हेही माहीत आहे. त्याने राग कमी होत नाही, वाढतो.
तळ्याच्या कडेला थांबवली तिने. मी म्हटलं, "थांबवणार नाहीस मला? रडणार वगैरे नाहीस?"
"कशाला? गाडी तुमची. विका." चप्पल पायात सरकवत होती. "मला चालवता येतं, ते कुठे विकणार?"
मग म्हणाली, फिलोमिनाने सांगून ठेवलंय, रविवारी टेम्पो उभाच असतो, हवा तेव्हा ने. पवईच्या चढाला तो टेम्पो कसा चढेल याचाच विचार करत होती ती परत येताना. माझ्याशी बोलत होती त्याबद्दल, साधेपणाने. लोड नसताना सेकंड पुरेल का, असं विचारलं. पुरेल म्हणालो.
आता पाच वाजत आलेत. फॉर्म समोर आहे, पेन्सिलीची फुली अगदी नीट दिसतेय. सहीचं पहिलं अक्षर काढलंय, पुढचं नाही. आतून सुनंदा विचारतेय, येणाऱ्या माणसाचा पण चहा टाकू का. दोनदा विचारलं. काय सांगू तिला?