‘दोन स्क्रू राहिले’चा जनक कोण?

ती. आत्या,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो (लांबूनच ठेवतोय, म्हणजे तुझ्या गुडघ्यांना धक्का नको). तुझा चष्मा, तुझे गुडघे आणि तुझं गुरुवारचं सदर, तिन्ही ठणठणीत असतील अशी आशा आहे. पैकी सदर येत्या गुरुवारी थोडं आजारी पडलं तरी माझी हरकत नाही. का ते सांगतो, पण आधी चहा घेऊन बस. थोडक्यात सांगणं मला जमत नाही हे तू मी बोलायला लागल्यापासून सोसते आहेस.

गेल्या गुरुवारी तू लिहिलंस की ‘दोन स्क्रू राहिले’ (म्हणजे ‘झालंच’ म्हणायचं आणि तासन्‌तास काही करायचं नाही) हा वाक्प्रचार जुन्या घड्याळजींकडून आला असावा, आणि खरा जनक कुणाला ठाऊक असेल तर कळवा, पुढच्या गुरुवारी नावानिशी छापू. अगं, कसले घड्याळजी घेऊन बसलीस? जनक मी आहे. तुझ्या सख्ख्या भावाचा मुलगा, वय वर्षं छत्तीस, धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. आणि हे नाव छापून आलं तर माझं जमत आलेलं लग्न मोडेल. माझं घोडं तुझ्या सदरावर अडलंय.

झालं असं की दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीतली लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत दोन माणसं. एक गादीवाला (सोबत नवी कोरी गादी, डबल) आणि एक निवृत्त पोस्टमास्तर, सुजलेल्या गालासकट. गादीवाल्याने गादी उभी केली, तिला टेकला आणि दहा मिनिटांत घोरायला लागला. पोस्टमास्तरांची दाढ ठणकत होती, त्यामुळे सगळा जागरूकपणा त्यांच्या वाट्याला आला. मी गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत. पॅनेलच्या झाकणाला चार स्क्रू, त्यातले दोन माझ्या हातून सुटून दोर जातात त्या भोकातून गेले की आणखी कुठे गडप झाले देव जाणे. तेवढ्यात खालून हाक आली, किती वेळ? मी भोकाशी तोंड नेऊन ओरडलो, ‘दोन स्क्रू राहिले!’ आत्या, यात खोटं काय होतं? चारातले दोन गेले, दोन राहिले. हिशेब चोख. दर पंधरा मिनिटांनी खालून हाक यायची आणि दर पंधरा मिनिटांनी मी तेच खरं बोलायचो. असे चार तास गेले.

बाहेर पडल्यावर पोस्टमास्तरांनी हे वाक्य गावभर केलं. न्हाव्याकडे, बँकेच्या रांगेत, बागेतल्या बाकावर. महिन्याभरात दातांचे डॉक्टर पेशंटला ‘दोन स्क्रू राहिले, तोंड उघडं ठेवा’ म्हणायला लागले. शिंपी म्हणायला लागला. मग अर्थ सरकला आणि ज्याचं डोकं जरा इकडेतिकडे तो माणूसही ‘दोन स्क्रू’ झाला. शेजारणीने माझ्या लग्नाची चौकशी केली तर खुद्द माझी आई म्हणाली, दोन स्क्रू राहिलेत. कोणत्या अर्थाने ते मी विचारलं नाही.

आता मुद्द्याचं. त्याच दवाखान्यात डॉक्टरांच्या मदतीला एक मुलगी आहे (मुलगी म्हणजे तेहतीसची, माझ्याच तोलामोलाची). लिफ्ट कधी सुरू होणार हे विचारायला ती त्या दिवशी गच्चीवर आली आणि मला टॉर्च धरून उभी राहिली. तिथून आमचं जमलं. आणि ती निघाली पोस्टमास्तरांची लेक! घरात ‘दाढ बिलकुल दुखत नाही’ असं ठणकावून सांगून, लेक जेवायला गेली असेल अशी वेळ साधून ते गुपचूप आले होते, आणि सुजल्या गालातून आलेला बापाचा आवाज तिलाही ओळखू आला नाही. पहिल्यांदा त्यांच्या घरी गेलो, नमस्कार करायला तोंड उघडणार, तोच ते म्हणाले की त्या लिफ्टवाल्याचा आवाज मी झोपेतही ओळखीन. झालं. तेव्हापासून तीन महिने माझा घसा बसलेला आहे. मी त्यांच्याशी कुजबुजतो. ते मला मिठाच्या गुळण्या करायला लावतात, समोर उभे राहून. आजवर पोटात इतकं मीठ गेलंय की माझं लोणचं व्हायचं तेवढं बाकी आहे. ते तुझं सदर कापून वहीत चिकटवतात आणि तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ मानतात.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना काय हवं ते.

तुझा,
लिफ्टमधला नव्हे, लिफ्टवरचा भाचा

ता. क. गुरुवारी घड्याळजीच कायम ठेव. हवं तर त्यांना आणखी दोनशे वर्षं मागे ने. तू आयुष्यभर खरं लिहिलंस, एकदा भाच्यासाठी थाप मार.

ता. क. २. तुझ्याशी खोटं बोलवत नाही. पॅनेल अर्ध्या तासात तयार झालं होतं. ते दोन स्क्रूही माझ्या शर्टाच्या खिशात सापडले होते. पण ती टॉर्च धरून इतकं छान बोलत होती की मी ते परत खिशात टाकले.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार एवढ्यात पोस्टमास्तर माझ्यासाठी खोकल्याचं औषध घेऊन दारात हजर. पाकिटावरचा पत्ता वाचून त्यांनी विचारलं, या सदरवाल्या बाई तुझ्या कोण? आणि मी अभिमानाच्या भरात, चांगल्या खणखणीत आवाजात सांगून बसलो, ‘माझी सख्खी आत्या!’ ते शांतपणे खुर्चीत बसले. म्हणाले, ‘घसा पुरे आता. पहिल्या दिवशी मी लिफ्टवाल्याचं नाव काढताच तुझा घसा बसला, तेव्हाच ओळखलं होतं. चार तासांत हाक मारली आणि तू ओ दिली नाहीस असं एकदाही झालं नाही. जावयाला एवढं पुरे.’ आत्या, मला रडूच आलं. मग त्यांनी खिशातून स्वतःचा फोटो काढला. म्हणाले, ‘बोललास तू, पण म्हण मी केली. जनक म्हणून माझं नाव छापून येऊ दे, मग तारीख काढू.’ खरं तर त्यांचंही बरोबर आहे. मी नुसता ओरडलो, गावाच्या तोंडी त्यांनी घातलं. तेव्हा घड्याळजी रद्द. फोटो सोबत जोडलाय, डाव्या, म्हणजे न सुजलेल्या बाजूने काढलेला आहे, तसाच छाप. दुसरा ता. क. वाचल्या वाचल्या फाडून टाक, तेवढं त्यांना अजून ठाऊक नाही. माझं नाव सदरात कुठेही नको, लग्नपत्रिकेत आलं की झालं.