तीन टिंबं, पाच परस

२ फेब्रुवारी, सोमवार

वार्षिक मूल्यमापन हातात आलं. काकासाहेब सरांनी माझ्याबद्दल एकच वाक्य लिहिलंय: काम अचूक, पण थोडी लवचिकता हवी. वाक्याला पुरावा जोडलेला नाही. लवचिकता कशात मोजली, कोणाच्या तुलनेत कमी, काही नाही. तसं त्यांना विचारलं. ते म्हणाले, हेच म्हणतोय मी.

संकल्प: लवचिक होणे. मुदत मार्चअखेर.

३ फेब्रुवारी, मंगळवार

लवचिकता म्हणजे नक्की काय, यावर बेलापूर ते श्रीरामपूर बसमध्ये विचार केला. आईचं मत असं, की भाजीत मीठ कमी पडलं तर न बोलता जेवणे. ही व्याख्या तपासता येत नाही. शिवाय भाजीत मीठ खरोखरच कमी होतं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पुढच्या मूल्यमापनाला जोडण्यासाठी इथे लिहून ठेवते.

आमची संस्था विहिरींची पाणीपातळी मोजते. दर सोमवारी प्रत्येक गावातला आमचा कार्यकर्ता विहिरीत दोर सोडतो, पाणी जमिनीपासून किती खोल आहे ते बघतो आणि लॅपटॉपवर एक ओळ लिहितो. गाव, खोली. संपलं. ती ओळ मी लिहिलेल्या फंक्शनकडे, एका छोट्या प्रोग्रामकडे, जाते. फंक्शन ‘आर’मध्ये आहे, म्हणजे संख्याशास्त्राच्या कामाची जी भाषा आहे तिच्यात. ते सगळ्या गावांची यादी लावतं, पाणी सर्वांत खोल असलेलं गाव सर्वांत वर. मार्चमध्ये जी गावं वर असतील त्यांना उन्हाळाभर संस्थेचा टँकर मिळतो. शेवटच्या गावाला काही मिळत नाही. यात कोणाच्या स्वभावाचा कुठेही संबंध येत नाही. मला तरी ही सोय वाटते.

फंक्शनमधली नावंसुद्धा मी मराठीत ठेवलीत, लोकांना सोपं जावं म्हणून. ही लवचिकता कोणी मोजली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

बिभीषणचा फोन. जामखेड तालुक्यात बोरमाळ नावाचं गाव आहे, तिथले आमचे कार्यकर्ते. दर सोमवारी फोन येतोच.

बिभीषण फुटात मोजत नाहीत. ते परसात मोजतात. परस म्हणजे उभ्या माणसाची उंची, असं त्यांनी मला जानेवारीत समजावलं होतं. आमच्याकडे कालवा आहे, विहिरीत वाकून बघायची वेळ येत नाही, त्यामुळे शब्द मला नवा. मी त्यांना टेप पाठवली होती. ती विहिरीत पडली. त्यांनी हे इतक्या शांतपणे सांगितलं, की टेपची ती नेहमीची जागा असावी.

म्हणून मी फंक्शनला ‘एकक’ असं एक जादा आर्ग्युमेंट, म्हणजे नाव लिहून माहिती भरायची जागा, दिलं. काही लिहिलं नाही तर फूट धरायचं, ‘परस’ लिहिलं तर सहाने गुणायचं. काम पाच मिनिटांचं. पण बिभीषण बोलतात तसं लिहितात. ते ‘येकक’ लिहितात. फंक्शनला येकक माहीत नाही. ते थांबतं आणि लाल अक्षरांत सांगतं, की हे आर्ग्युमेंट माझ्या कामाचं नाही.

“मॅडम, मशीन घेत न्हाई.”

मी म्हटलं, सुरुवातीला ए लिहा.

“येच लिव्हलंय की.”

मी पुन्हा म्हटलं, ये नाही, ए. ते म्हणाले, व्हय, ये. असं बराच वेळ चाललं. शेवटी आकडा मीच फुटांत करून भरला. तीस फूट. जानेवारीतही असंच केलं होतं. मग त्यांनी बोरमाळच्या हुरड्याचं आमंत्रण दिलं आणि फोन ठेवला. कामाच्या वेळेत हुरडा.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सुचलं.

आरमध्ये फंक्शनच्या कंसात तीन टिंबं टाकता येतात. टाकली की फंक्शन वाटेल ते आर्ग्युमेंट स्वीकारतं. ओळखीचं नाव असेल तर वापरतं, अनोळखी असेल तर टिंबांत ठेवून देतं. थांबत नाही, लाल होत नाही, कोणाला फोन करायला लावत नाही. हवं तर कोणी त्यात आपल्या म्हशीचं नाव लिहावं. फंक्शन ऐकून घेईल.

काकासाहेब सरांना हवी असलेली लवचिकता शेवटी तीन टिंबांत बसली. मूल्यमापनाचा विषय माझ्यापुरता संपला.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शेजारच्या टेबलावरच्या सत्यशीलाला टिंबं दाखवली. ती संस्थेचे हिशेब बघते. तिने विचारलं, की कोणी नाव चुकवलं आणि टिंबांनी ते गिळलं, तर तुला कळणार कसं? मी म्हटलं, चूक असेल तर एरर येईल. ती म्हणाली, एरर येऊ नये म्हणून तर टिंबं टाकलीस ना.

हिशेबवाल्यांना शंका घ्यायची सवय असते. चहाला गेले.

१६ फेब्रुवारी, सोमवार

बिभीषणचा फोन नाही. बोरमाळची ओळ मात्र आली, पहिल्या फटक्यात. तांत्रिक अडचणी माणसांशी बोलून सुटत नाहीत, हे माझं जुनं मत आहे.

२३ फेब्रुवारी, सोमवार

फोन नाही. मोबाईल टेबलावर समोर होता, कारण तो टेबलावरच असतो.

२ मार्च, सोमवार

फोन नाही. हुरड्याचा हंगामही संपला असेल. सहज नोंद.

९ मार्च, सोमवार

आज आलेख काढले. सगळ्या गावांच्या रेषा उन्हाळ्याकडे खाली उतरतायत, शहाण्यासारख्या. फक्त बोरमाळची रेषा तीस फुटांवरून एकदम पाच फुटांवर येऊन बसलीय आणि तिथून हलायला तयार नाही.

पहिला विचार आला, की काहीतरी चुकलंय. मग फंक्शन पुन्हा चालवलं. एरर नाही. तिसऱ्यांदा चालवलं. एरर नाही. तेव्हा चूक नाही.

इतरांपासून दूर पडलेला प्रत्येक बिंदू चुकीचा नसतो, हे एम.एस्सी.ला शिकवतात. कधीकधी तो निष्कर्ष असतो. गेल्या वर्षी संस्थेने बोरमाळला नालाबंडिंग केलंय. पाणी वर आलं. कारण आणि परिणाम, दोन्ही समोर आहेत. बिभीषणना फोन करून विचारता आलं असतं, पण मग त्यांनीच भरलेल्या आकड्यांवर मी अविश्वास दाखवल्यासारखं झालं असतं. लवचिक माणूस अविश्वास दाखवत नाही.

१० मार्च, मंगळवार

काकासाहेब सरांना आलेख दाखवला. ते खुर्चीतून उठले. मार्च महिन्यात, जामखेड तालुक्यात, पाच फुटांवर पाणी. त्यांनी आलेखाचा फोटो काढून देणगीदारांना तिथल्या तिथे पाठवला. मग मला म्हणाले, की राजेश्वरी, तुझ्यात खूप बदल झालाय.

दखल घेतली गेली.

१७ मार्च, मंगळवार

टँकरची यादी लागली. बोरमाळ शेवटून पहिलं. त्यांच्या वाट्याचा टँकर दुसऱ्या गावाला गेला. हेच तर व्हायला हवं. पाणी ज्यांना हवं त्यांना.

३० तारखेला पुण्याहून देणगीदारांचे तीन पाहुणे बोरमाळची विहीर बघायला येणार आहेत. विहिरीपाशी दहा मिनिटं मी बोलायचं. विषय सरांनीच दिला: लवचिक प्रणाली, बदलतं गाव. मी ‘लवचिक’ हा शब्द एकदाच वापरणार आहे.

२४ मार्च, मंगळवार

बिभीषणचा फोन आला. मी दोन वेळा वाजू दिला, मग उचलला.

विचारत होते, की यादीत बोरमाळ खाली कसं गेलं. टँकर तर दरवर्षी येतो. मी त्यांचं अभिनंदन केलं. म्हटलं, तुमच्या विहिरीचं पाणी वर आलंय, आता टँकरची गरज नाही. त्यांनी मला गावाचं नाव पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले:

“कुटं वर आलं, मॅडम?”

मी म्हटलं, आकडे तुम्हीच भरलेत. ते म्हणाले, व्हय, आकडे माझेच हायेत. मग म्हणाले, की आई तीन खेपा करते आणि पोहऱ्यात निम्मा गाळ येतो. मी समजावलं, की एका पोहऱ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. त्यांनी ऐकून घेतलं. फोन ठेवताना हुरड्यासारखं काही म्हणाले नाहीत.

निरीक्षण: प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना आपलं यश लवकर दिसत नाही. भाषणात हे वाक्य घालता येईल.

२९ मार्च, रविवार

भाषण पाठ. आई ऐकत होती. तिने विचारलं, की त्या गावच्या लोकांना हे माहीत आहे का? मी म्हटलं, उद्या कळेल.

३० मार्च, सोमवार. रात्री

आधी घटना.

सकाळी दोन गाड्यांनी बोरमाळला पोचलो. विहिरीजवळ मंडप होता. बिभीषण होते, आणि दोर घेऊन उभ्या असलेल्या त्यांच्या आई, कडूबाई. मंडपातले गावकरी कोणाच्या तोंडाकडे बघावं हे न कळल्यासारखे माझ्याकडे बघत होते. पाहुण्यांतले एक जण थेट विहिरीच्या काठावर गेले आणि वाकले. मग त्यांनी एक खडा टाकला. खडा पडल्याचा आवाज यायला जो वेळ लागला, त्यात काकासाहेब सरांनी माझ्याकडे बघितलं.

पाहुण्यांनी विचारलं, की ही कामाच्या आधीची विहीर का? नंतरची कुठे आहे?

कडूबाई म्हणाल्या, “पाच फुटावर पानी असतं तर म्या पोहरा कशाला सोडला असता? बसल्या जागी तांब्यानं घेतलं नसतं व्हय?”

मंडपात बायका हसल्या. मी भाषणाचा कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

बिभीषण लॅपटॉप घेऊन आले. गेल्या सोमवारची ओळ उघडून माझ्यासमोर धरली. बोरमाळ, पाच, येकक बरोबर परस.

“म्या तर दर टायमाला लिव्हलं हुतं, मॅडम.”

लिहिलं होतंच. दर सोमवारी. फंक्शनने दर सोमवारी ते घेतलं, टिंबांत ठेवलं, आणि एकक दिसत नाही म्हणून पाचचे पाच फूट धरले. एरर आला नाही, कारण तो न यावा अशी व्यवस्था मी केली होती.

सर पाहुण्यांना सावलीत घेऊन गेले. मी आणि बिभीषण उभे राहिलो. ते म्हणाले, की सरांना सांगतो, लिव्हायला माझंच चुकलं. तुमी नका मनाला लावून घेऊ.

तांत्रिकदृष्ट्या त्यांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही. स्पेलिंग त्यांचंच चुकलं होतं. परतीच्या वाटेवर कडा गाव येईपर्यंत मी हा मुद्दा स्वतःला पटवत होते. पुढे नगर आलं, तरी पटला नव्हता.

३१ मार्च, मंगळवार

सरांना पत्र लिहायला घेतलं. पहिला मसुदा: ‘एककाच्या नोंदीत तफावत आढळून आली.’ खोडला. दुसरा: ‘प्रणालीच्या मर्यादेमुळे.’ खोडला. तिसऱ्यात ‘मी’ आलं, पण वाक्याच्या शेवटी.

सत्यशीलाने विचारलं, काय लिहितेस एवढं. मी म्हटलं, काही नाही. तिने टिंबांचा विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

१ एप्रिल, बुधवार

पत्र पाठवलं. बिभीषणचे आकडे बरोबर होते, चूक माझ्या फंक्शनची आणि फंक्शन माझं, असं लिहिलं. बरोबर सुधारलेली यादी जोडली: बोरमाळ सर्वांत वर. फंक्शनही बदललं. आता टिंबांत काहीही पडलं तर ते थांबतं आणि मोठ्याने तक्रार करतं. नोकरी जाईल का, याचा विचार केला. मूल्यमापनात काय लिहिलं जाईल, याचाही केला. जेवले नाही.

संध्याकाळी सरांचं उत्तर आलं. वर केलेला अंगठा.

त्याखाली दुसरा मेसेज: बोरमाळचा टँकर कालच सुरू झाला, पाहुण्यांनी परवा गाडीतूनच फोन करून दुसऱ्या टँकरची सोय केली. यादीची गरज पडली नाही. आलेखातल्या रेषा पुढच्या वेळी जरा जाड कर.

अडीच महिने मी जे मोजत होते, ते एका खड्याने मोजलं.

६ एप्रिल, सोमवार

नवीन फंक्शन व्यवस्थित चालतं. बोरमाळच्या पहिल्याच ओळीला थांबलं. बिभीषणचा फोन आला.

“मॅडम, मशीन परत घेत न्हाई.”

मी म्हटलं, घ्यायला नकोच आहे. आकडा सांगा, मी भरते. साडेपाच परस. मी सहाने गुणलं आणि तेहेतीस फूट लिहिलं. मग, आता सगळं अचूक करायचंच आहे, म्हणून सहज विचारलं, की परस म्हणजे सहा फूट हे नक्की ना.

ते म्हणाले, कुनाच्या परसानं, मॅडम?

मी विचारलं, म्हणजे?

म्हणाले, की दोर कधी ते मोजतात, कधी आई. जानेवारीत ते होते. मधल्या सोमवारी रोजगार हमीवर गेले की आई. आई त्यांच्या खांद्याला लागते. कोणता सोमवार कोणाचा, ते आता ध्यानात नाही.

त्यांची उंची विचारली. कधी मोजली नाही म्हणाले. मी म्हटलं, आईंना फोन द्या. कडूबाई फोनवर आल्या. मी माझं नाव सांगितलं आणि अदबीने विचारलं, की आई, तुमची उंची किती?

त्या म्हणाल्या, “कशात सांगू?”