ती इथं राहत नाही

१२ जाने. ८८, मंगळ.
यमुनेला नोकरी लागली. म्हणजे लागल्यासारखी. संरक्षण खात्याची मुंबईतली कचेरी, टायपिस्ट. परीक्षा झाली, मुलाखत झाली, डॉक्टरकडून डोळे-छाती तपासून झाली. आता राहिली पोलीस चौकशी. म्हादू वरठाची पोर देशाला धोकादायक नाही, हे भिवंडीच्या पोलिसांनी लिहून द्यायचं. तोवर हुकूम नाही.

देवापुढे साखर ठेवली. देव कुमुदचे. बायकोच्या देवांशी माझं नातं शेजारपणाचं. कु. असती तर आळीभर पेढे वाटले असते. पाड्यावरच्या शाळेत शिकवायला जायची तेव्हा तिनंच ही पोर घरी आणली. 'पाचवीपुरती ठेवू.' कु.ला जाऊन दोन वर्षं होतील. पाचवी चालूच आहे.

संध्याकाळी य. म्हणते, 'मास्तर, पोलीस काय विचारतात?'
म्हटलं, 'अणुबाँब कुठं ठेवलाय ते.'
'मग सांगू का, माळ्यावर, पापडाच्या डब्यात?'
हिची जीभ माझ्या घरात बिघडली. ही बाब चौकशीत यायला हवी.

१४ जाने., गुरु. संक्रांत.
पेपरात आतल्या पानावर बातमी: सरकारी नोकरांच्या चौकशीची पद्धत ढिली आहे, ती सुधारायला कायदा करा, असं दिल्लीत कुणी बोललं. संपादकांचा निरोप, 'यावर या आठवड्याला तुमचं काहीतरी तिखट.' आमचं साप्ताहिक वाचतात किती, त्यातले पुडी बांधण्याआधी वाचतात किती. तरी बसलो.

'चौकशी सुधारणा विधेयक (भिवंडी प्रत).
कलम १. ज्याची चौकशी करायची त्याच्या शेजाऱ्यांना विचारू नये. शेजारी चांगलं बोलला तर त्याला ती व्यक्ती आळीतून जायला हवी आहे. वाईट बोलला तर तिची जागा हवी आहे.
कलम २. चहा पिऊन झालेली चौकशी बाद. बिनचहाची चौकशी झाल्याचं आढळल्यास तीही बाद.'

य.ला वाचून दाखवलं. हसली. मग म्हणाली, 'हे माझी चौकशी झाल्यावर छापा.' तिळगूळ दिला, नमस्कार केला. शहाणी आहे. कु.ची शाळा.

१९ जाने., मंगळ.
दुपारी शाळेतून आलो तर ओट्यावर हवालदार. नाव जाधव, टेमघरला राहतात, गुडघे धरलेत, धाकट्या मुलीचं लग्न ठरत नाही. एवढं मी टोपी काढेपर्यंत कळलं. चौकशी कुणाची चालली होती देव जाणे.

आमच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागांचं शेड. खटाखट चोवीस तास. इथं गुपितंसुद्धा ओरडून सांगतात. बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, तुम्ही सगळे भांडता का हो.

हवालदार ओरडले, 'घरात कोण कोण?'
मी ओरडलो, 'एकटाच.' सवयीनं आलं. रेशनच्या कचेरीत कु.चं नाव कमी केल्यापासून तोंडात बसलंय.
'मग ती मुलगी?'

आणि डोळ्यांपुढे फाईल आली. 'सदर तरुणी एका विधुर इसमासोबत राहते.' खाली शिक्का. वर्षानुवर्षं कारकून ते पान उघडून एकमेकांना दाखवणार. मी ओरडलो, 'कधीमधी येते. वडिलांकडे असते, पाड्यावर. ती इथं...'

लाईट गेली. शेडातले सगळे माग एका दमात थांबले. आणि माझे राहिलेले दोन शब्द, त्याच वरच्या पट्टीत, आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले.

'...राहत नाही!'

य. स्वयंपाकघरात चहा गाळत होती. चहा आला. बशीत एक थेंब सांडलेला नाही.
हवालदार म्हणाले, 'ही कोण?'
मी तोंड उघडायच्या आत य. म्हणाली, 'कधीमधी येते.'

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, दोरीवर वाळणाऱ्या तिच्या ओढणीकडे पाहिलं. मग मी सांगितलं होतं ते लिहिलं. जाताना चपला घालत म्हणाले, 'आम्ही ऐकलेलं लिहितो मास्तर, बघितलेलं नाही.'

विधेयकात घालण्याजोगं वाक्य. आज हात होत नाही.

२० जाने., बुध.
शाळेतून आलो तर य. दारात, हातात कु.ची कापडी पिशवी.
'कुठं?'
'पाड्यावर. वडिलांकडे असते ना मी.'
राग असता तर बरं होतं. रागाला उत्तर देता येतं. माझा धंदाच तो. हिनं पत्ता सांगावा तसं सांगितलं. म्हटलं, तुझ्याच भल्यासाठी बोललो, फाईलवर नको ते आलं असतं. म्हणाली, 'हो मास्तर.' अंबाडीची यष्टी होती, ती गाठायची होती.
फडक्याखाली भाकऱ्या झाकून ठेवलेल्या. माझ्यापुरत्या.

२२ जाने., शुक्र.
शुक्रवार, म्हणजे माग बंद. एरवी याच दिवसाची वाट बघायची, हळू बोलता येतं म्हणून. कु. सगळ्या महत्त्वाच्या गोष्टी शुक्रवारी सांगायची. आजारपणही तिनं शुक्रवारीच सांगितलं.

आज हळू बोलायला कुणी नाही. घड्याळ ऐकलं. नळाचा वायसर गेलाय हे आज कळलं.

कलम ३. चौकशी शुक्रवारीच करावी.
पुढे सुचलं नाही.

३ फेब्रु., बुध.
चहाच्या टपरीवर शफीभाई भेटला. मागच्या शेडात माग चालवतो, रात्रपाळी संपवून आला होता. 'मास्टरजी, बिटिया दिखती नहीं?' म्हटलं, गावाला गेलीय. तो चहात बघत राहिला. 'उस दिन बत्ती गई थी ना,' एवढंच म्हणाला. म्हणजे भिंतीपलीकडेही पोचलं होतं.

घरी घाणेकर वहिनी वाटीभर उसळ घेऊन हजर. समोरचंच घर. य. होती तेव्हा कधी वाटी आली नाही.
'भावोजी, बरोबर केलंत हो. लोक काय काय बोलले असते.'
'काय बोलले असते?'
'आम्ही कशाला बोलू?'
'मग लोक म्हणजे कोण, वहिनी?'
'इश्श, तुमचं आपलं काहीतरीच,' म्हणून वाटी परत मागून नेली. उसळ ताटात ओतून. खारट होती. खाल्ली.

११ फेब्रु., गुरु.
नाक्यावर हवालदार जाधव. हात करून थांबवलं, पानाच्या ठेल्यामागे नेलं.
'मास्तर, घोळ झालाय. पाड्यावर आमचा माणूस जाऊन आला. बाप म्हणतो, पोर इथं राहत नाही.'
'बाप म्हणतो?'
'सगळा पाडा म्हणतो. तिकडून नाही, इकडून नाही. मग पोरगी राहते कुठं? झाडावर?' पान लावून घेतलं. 'साहेबांनी शेरा मारलाय. राहण्याचं ठिकाण संशयास्पद. जिचा ठावठिकाणा नाही तिला लष्कराच्या कागदांना हात लावू द्यायचा का, म्हणतात.'
'शेरा बदलत नाही?'
'बापानं नाहीतर तुम्ही जबाब बदलला तर. महिन्याअखेर फाईल वर जाईल. मग हरी हरी.'

म्हणजे दोन घरं असलेली मुलगी सरकारदरबारी बेघर. यातलं एक घर मी काढून घेतलं. दुसरं का गेलं ते कळत नाही.

१४ फेब्रु., रवि.
सकाळच्या यष्टीनं अंबाडी, पुढे चालत. म्हादू खळ्यात बसून टोपली विणत होता. उठला, घोंगडी टाकली. मी आधी घसा खाकरला, मग विचारलं, पोलिसाला असं का सांगितलं?

'आवो मास्तर, पोलीस इचारतो हाय का, त न्हाय म्हनायचा. माज्या आजान शिकिवलाय. कोंबडी हाय का, न्हाय. लाकूड हाय का, न्हाय. पोर हाय का, त्येबी न्हाय.'
'पण म्हादू, ही नोकरीची चौकशी.'
'त्ये कुठं सांगला त्यान.' मग विणता विणता, खाली बघून, 'आन् खोटा काय सांगला म्या? पोर हितं ऱ्हात न्हाय. बाईनी नेली तवा म्या सांगला व्हता, आता तुमची. दिलेला मानूस परत आपला कसा म्हनायचा?'

मी काय सांगितलं ते त्याला ठाऊक नव्हतं. य.नं सांगितलेलं नाही. बापाला ती सुट्टीवर आल्याचं वाटतंय.

य. विहिरीवरून आली, हंडा उतरवला. तिला शेऱ्याचं सांगितलं. उद्या जबाब बदलतो म्हटलं. 'परत चल.'
'काय सांगाल?'
'खरं ते.'
'लोक बोलतील.'
'बोलू देत.'
'लोक तर आधीपासून बोलतात, मास्तर. माग चालू असतात म्हणून ऐकू येत नाही.' हंडा उचलून आत नेला.

आली नाही. परतीच्या गाडीत शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी. कंडक्टरनं दोनदा विचारलं, 'एकच का?'

१५ फेब्रु., सोम.
चौकीत जबाब. 'यमुना म्हादू वरठा ही पाचवीपासून माझ्या घरी राहते. आधी खोटं सांगितलं, कारण मी भित्रा आहे.' जाधव म्हणाले, भित्रा नको, 'गैरसमजुतीनं' लिहू.

'नातं?'
'मुलगी.'
'रक्ताची?'
'नाही.'
'दत्तक घेतल्याचा कागद?'
'नाही.'
जाधव खुर्ची ओढून जवळ आले. 'मास्तर, मोलकरीण लिहू का? पटकन सुटेल. घरकामाला ठेवलेली, तिथंच राहते. पन्नास घरांत असतं. साहेब वाचून पुढची फाईल घेतील. कुणाच्या मनात वेडंवाकडं येणार नाही.'

सही माझी. नोकरी तिची. एका शब्दानं सुटत होतं, आणि शब्दांचा तर मी व्यापारी. तिला कधी कळलंही नसतं. 'हो' म्हणायला तोंड उघडलं होतं, इथं लिहून ठेवतो. मग कु. दिसली, य.ला पाढे म्हणायला लावून स्वतः भांडी घासणारी.

'मोलकरीण नाही.'
'मग काय?'
'घरची.'
'घरची असं नातं नसतं, मास्तर.'
'मग कोरं ठेवा.'
त्यांनी सुस्कारा टाकला. जागा कोरी. म्हणाले, आता खात्याचा साहेब स्वतः येईल, मुलीलाच विचारेल. ती काय सांगेल त्यावर सगळं. 'तुम्ही अवघड केलंत.'

अवघड केलं हे खरं. तिच्यासाठी की माझ्यासाठी, हे विचारायचं त्यांनी टाळलं. सज्जन माणूस आहे.

५ मार्च, शनि.
होळी पाड्यावर करून य. आज आली. दार उघडंच होतं. आत गेली, स्टो पेटवला, म्हणाली, 'रॉकेल संपत आलंय.' मी म्हटलं, 'हो.' दीड महिन्याचं बोलणं एवढ्यात आटपलं.

साहेब येणार म्हणून आली, की आली? पिशवी खुंटीला लावली. रिकामी केली नाही.

चौकशी पार पडली तर मुंबईला, बायकांच्या वसतिगृहात. नाही पडली तर पाड्यावर. कसंही झालं तरी खुंटी मोकळीच होणार. हे मला जबाब देतानाही माहीत होतं. तरी पिशवीकडे बघत बसलो.

संपादकांचा निरोप: विधेयक कुठं अडलं? म्हटलं, समितीकडे आहे.

१५ मार्च, मंगळ.
साहेब आले. तरुण, चष्मा, रुमाल अंथरून बसले. मंगळवार, माग भरात. जाधव बरोबर होते, माझ्याकडे बघून मान हलवली, अर्थ लागला नाही.
साहेब ओरडले, 'मुलीशी एकटीशी बोलायचंय.'

मी स्वयंपाकघरात. त्या दिवशी ती उभी होती त्याच जागी, चहाच्या आधणापुढे. दाराच्या फटीतून दोघं दिसत होती. भिंतीपलीकडे खटाखट. साहेबांनी काही विचारलं, तिनं सांगितलं. पुन्हा विचारलं. मग त्यांनी बोटानं आतल्या बाजूला, माझ्याकडे, दाखवलं.

य.नं खुंटीकडे पाहिलं. मग बोलली. मोठ्यानं बोलली असणार, गळ्याची शीर दिसली. साहेबांचं पेन थांबलं, त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग लिहिलं. एक शब्द की ओळ, फटीतून कळत नव्हतं.

मी तिथं उभा राहून लाईट जायची वाट बघत होतो. गेलं वर्षभर जिच्या नावानं लेखांमागून लेख पाडले, ती लाईट. रोज जाते. दिवसातून दोनदा जाते. आधण उतू गेलं.

साहेब चहा न घेता गेले. कलम २ अन्वये बाद. जाधव दारात म्हणाले, 'कळवतील.'

य. आत आली, ओटा पुसू लागली. विचारावंसं वाटलं. त्या दिवशी तिनं मला काही विचारलं नव्हतं, मग आज मी कुठल्या तोंडानं? तरी म्हटलं, 'काय विचारत होते?'
'अणुबाँबचं.'
'मग?'
'सांगितलं. माळ्यावर.' फडकं पिळलं. 'पिठलं टाकू?'
'टाक.'

पिशवी खुंटीलाच आहे. आज दिवसभरात लाईट एकदाही गेली नाही.